दीड दिवसाचा कोपरा

आमच्या हॉलमध्ये एक कोपरा आहे, तिथे काहीही ठेवायचं नसतं. वसईच्या एव्हरशाईन सिटीत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, परवडतं कसं तुम्हाला? आम्हालाही परवडत नाही. चपलांचं कपाट दाराबाहेर आहे, त्यावरून सेक्रेटरी वर्षातून दोनदा बोलतात. कपडे वाळत घालायचा स्टँड पावसाळ्यात बेडरूमच्या दारात आडवा उभा असतो आणि आम्ही त्याच्याखालून वाकून जातो. आणि हॉलमध्ये खिडकीजवळ चांगली चार-साडेचार फूट भिंत वर्षभर मोकळी. ती गणपतीची जागा. आमचा गणपती दीड दिवसाचा.

ही जागा माझ्या सासऱ्यांनी ठरवली. फ्लॅट घेतला तेव्हा फ्रीज कुठे येणार, पलंग कुठे येणार हे कुणी बघायच्या आधी त्यांनी हॉलमध्ये उभं राहून तो कोपरा दाखवला होता. गावी कोकणात भावकीचा एकच गणपती असायचा, मोठ्या घरातला. पुढे भावकीत वाजलं, बोलणं बंद झालं, आणि बाबांनी आपला गणपती वेगळा करून वसईला आणला. रिटायर झाल्यावर प्लायवूडचं घडीचं मखर स्वतःच्या हातांनी बनवलं. ते वर्षभर बाथरूमवरच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं असतं. मखर माळ्यावर गेलं तरी कोपरा मोकळा तो मोकळाच. मी एकदा तिथे इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं. मी ऑफिसातून आले तेव्हा टेबल किचनमध्ये होतं, ओट्याला टेकून.

मला मासे पाळायचा नाद आहे. साधे नाहीत, खाऱ्या पाण्याचे. लोकांना यातलं सगळ्यात विनोदी वाटतं ते हे, की समुद्र रिक्षाच्या अंतरावर असताना मी समुद्राचं मीठ खोक्यातून विकत आणते. आमच्या किनाऱ्याचं पाणी टाकीत घातलं तर मासे दुसऱ्या दिवशी उताणे होतील, हे समजावून सांगायचं मी सोडून दिलं आहे. आधी पाणी फिल्टरमधून गाळायचं, त्यात मीठ विरघळवायचं, मग ते टाकीत. आणि आमच्याकडे पाणी कधी येतं, कधी टँकरचं असतं, हे वेगळं सांगायला नको. नवरा म्हणतो, लोक पाण्यासाठी मोर्चे काढतात आणि तू माशांना पाजतेस.

पहिली टाकी दोन फुटी होती. कोपरा सोडून उरलेल्या भिंतीला, बेडरूमच्या दाराजवळ, बिनबोभाट बसली. तिच्यात दोन छोटे नारिंगी मासे होते, आणि मग तुळिंजच्या बाजारातल्या एका दुकानातून मी एक निळा मासा आणला. टँग म्हणतात त्या जातीचा. तेव्हा तो जुन्या रुपयाएवढा होता, अंगाने चपटा, रंग असा की बघतच राहावं. "दोन फुटात आरामात राहील मॅडम," दुकानदार म्हणाला. त्याला माहीत होतं की नाही राहणार. मी घरी येऊन वाचलं तेव्हा मलाही कळलं. या जातीचा मासा फूटभर वाढतो आणि त्याला दिवसभर पोहत लांब जायचं असतं. खोली नको, शोभा नको, त्याला फक्त लांबी हवी.

घरात त्याला नुसतं निळ्या म्हणायचे. आणला मी, पण झाला तो बाबांचा. बाबा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की समोर टाकी. त्यांनी त्याला सुकं शेवाळ खायला घालायची सवय लावली. कागदासारखं असतं ते, चिमटीत धरून पाण्यात बुडवायचं. निळ्या त्यांच्या बोटांना टोचे मारत खायचा. मी हात घातला की दगडामागे पळायचा. पाणी मी बदलायचं, काच मी घासायची, वीज गेली की बॅटरीचा पंप लावायला मी उठायचं, आणि साहेब ओळख दाखवणार सासऱ्यांना.

दुसऱ्या वर्षी तो माझ्या तळव्याएवढा झाला. आणि मग ते सुरू झालं, जे मला रोज बघावं लागायचं. डाव्या काचेपासून उजव्या काचेपर्यंत जायला त्याला शेपटीचे दोन फटकारे पुरायचे. काच आली की वळायचा. परत दोन फटकारे, परत काच. मी स्वयंपाक करताना किचनच्या दारातून दिसायचं, जेवताना दिसायचं. डोक्याजवळ त्याच्या कातडीला बारीक खड्डे पडायला लागले, रंग उतरला. आजार वाचून काढला तर कारण एकच, कोंडमारा. मोठी टाकी घेतली नाही तर हा मासा जाणार, हे मी घरात सगळ्यांना स्पष्ट सांगितलं.

टाकी घ्यायला कुणाचाच विरोध नव्हता, हीच तर गंमत. बाबा तर म्हणाले, "घे गो, घे. बिचाऱ्याला अंग वळवायला जागा नाही." प्रश्न केवढी घ्यायची एवढाच होता. मी आकडा सांगितला, निदान चार फुटी. सहा फुटी मिळाली तर उत्तमच.

एका रविवारी मी जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून चार फूट लांबीचा कागद केला आणि जमिनीवर भिंतीला लावून पसरला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. बेडरूमच्या दारापासून कागद सुरू केला तर त्याचं टोक फूटभर गणपतीच्या कोपऱ्यात जात होतं. मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर ते टोक नीट घडी घालून अलीकडे दुमडलेलं होतं. वर पेपरवेट म्हणून बाबांचा चष्म्याचा डबा.

"बाबा, फूटभर तर जातोय कोपऱ्यात," मी म्हणाले.

बाबांनी नवऱ्याला माळ्यावर चढवलं, मखर खाली काढायला लावलं आणि भर पौषात हॉलमध्ये मखर उभं केलं. चादरीवरची धूळ सगळ्या घरात. मखराची रुंदी, बाजूला समईची जागा, दुसऱ्या बाजूला नैवेद्याचं ताट, समोर पूजेला बसणाऱ्याचा पाट. सगळं हाताने दाखवून ते म्हणाले, "आता सांग, यातलं काय कमी करू?"

"काहीच कमी नका करू. टाकीच्या पुढे मांडू आपण. किंवा तेवढ्यापुरता दिवाण बाहेर काढू, मखर त्या भिंतीला लावू. दीड दिवसाचा तर प्रश्न आहे, बाबा!"

हे वाक्य मी बोलले आणि नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवालाच घराबाहेर काढायला निघाले आहे. बाबा मखराची घडी घालायला लागले. "देवाची जागा बदलत नाहीत," एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. ते शांतपणे बोलतात, आणि शांत बोलणाऱ्या सासऱ्यापुढे सुनेने आवाज चढवला की सून वाया गेलेली ठरते. मी वर्तमानपत्रं चुरगाळून रद्दीत टाकली. तीनशे त्रेसष्ट दिवस ती जागा हवा खात पडलेली असते आणि माझा मासा जातोय!

तोडगा नवऱ्याने काढला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात जो तोडगा येतो तोच. जागा आडवी नसेल तर वर जायचं. आमचे कपाटावर खोके आहेत, खोक्यांवर बॅगा आहेत, किचनमध्ये छतापर्यंत डबे आहेत, बाथरूमवर माळा आहे. आम्ही राहतो तीच बिल्डिंग अशी एकावर एक चढवलेली आहे. त्याने मोबाइलवर गुणाकार केला. लांबी अडीच फूट, उंचीही अडीच फूट, आणि पुढे-मागे थोडी जास्त खोल. "बघ," तो म्हणाला, "तुझ्या चार फुटीत जेवढे लिटर मावतात, तेवढेच यात मावतात. उलट थोडे जास्तच."

मी तपासून बघितलं. खरंच तेवढेच लिटर होते. माशाला लांबी लागते हे मला पाठ होतं, मी तोंडाने दहा वेळा सांगितलं होतं. पण वाद घालून मी इतकी कंटाळले होते, की तो लिटरचा आकडा बघितल्यावर मला हायसंच वाटलं. पाणी तेवढंच म्हणजे जागा तेवढीच, असं मी स्वतःला पटवलं. घरातले सगळे खूश. कोपऱ्याला धक्का नाही, माशाला दुप्पट-तिप्पट पाणी. टाकी बनवणाऱ्याला फोन केला तर तोही खूश. "उंच टाकी एकदम हॉटेलसारखी दिसते मॅडम. काच फक्त जाड लागेल." एकालाही वाटलं नाही की हे काहीतरी चुकतंय.

टाकी आली तेव्हा चार माणसं लागली वर चढवायला. माणसांसकट लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने. शेजारी दारं उघडून उभे. पाणी भरायला आठवडा गेला, कारण गाळून होईल तेवढंच भरायचं. शेवटी दिवा लावला आणि खरं सांगते, दिसायला ती टाकी अप्रतिम होती. एखाद्या निळ्या खिडकीसारखी. मजल्यावरच्या बायका बघायला आल्या, एकीने हळदीकुंकवाला फोटो काढू म्हणून सांगूनही टाकलं.

मी निळ्याला जाळीने उचलून नव्या पाण्यात सोडलं. सुरुवातीला तो खाली दगडांत लपला. आम्ही तिघं दिवाणावर रांगेत बसून वाट बघत होतो. मग तो बाहेर आला, मधल्या उंचीवर आला आणि पोहायला लागला. डाव्या काचेपासून निघाला. दोन फटकारे, आणि अर्धा. काच. वळला.

वरचं फूटभर पाणी मोकळं, खालचं मोकळं. तो मधल्या एका पट्ट्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे. अर्धा फटकारा वाढवून दिला होता आम्ही त्याला.

"नवीन आहे ना, सवय होईल," नवरा म्हणाला. मी उठून किचनमध्ये गेले आणि उगाच भांडी घासली.

त्यानंतरचे महिने मी त्या टाकीशी भांडण्यात घालवले. माझा हात तळापर्यंत पोहोचत नव्हता. किचनचं स्टूल आणून, बाही खांद्यापर्यंत वर करून, गाल पाण्याला टेकवला तरी वाळू वीतभर लांबच. कोळिष्टकं काढायच्या काठीला स्पंज बांधून मी काच घासायचे. एकदा काठीने दगड पडला आणि काच फुटली असं वाटून मी स्टुलावरून उडीच मारली. उंच टाकीत उजेड खाली नीट पोहोचेना म्हणून तळाला तपकिरी थर. तो थर काढायला परत स्टूल. आणि हे सगळं चालू असताना डाव्या हाताला तो मोकळा कोपरा, झाडून पुसून लख्ख. बाबा रोज सकाळी तिथे स्वतः ओलं फडकं फिरवतात. स्टुलावर उभी राहून मी त्या चकचकीत फरशीकडे बघायचे आणि मनात नको नको ते बोलायचे.

निळ्याच्या डोक्यावरचे खड्डे वाढले. तो शेवाळ खायचा, पण आधीसारखा झडप घालून नाही. बाबा हात पाण्यात तसाच धरून उभे राहायचे. "आज भूक नाही वाटतं याला," म्हणायचे. मला ओरडावंसं वाटायचं की भूक नाही, जागा नाही! पण ओरडून काय होणार होतं? टाकी बनून आली होती. ती परत घेणारा कोण?

शेवटी मी ठरवलं की आपला हट्ट पुरे, मासा जगला पाहिजे. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. वसई गावाकडच्या एका ख्रिस्ती सरांकडे सहा फुटी टाकी होती. शाळेतून रिटायर झालेले, वाडीत जुनं बैठं घर, प्रशस्त ओटी. ते म्हणाले, घेऊन या. पिशवीत पाणी भरून, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून मी रिक्षाने त्याला नेऊन दिलं. निघताना बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. संध्याकाळी मी आले तर टाकीच्या काठावर शेवाळाचा तुकडा ठेवलेला. सवयीने काढून ठेवला असेल. तो दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. शेवटी मीच उचलला.

मग श्रावण संपत आला. बाबांनी नेहमीच्या कारखान्यात मूर्ती सांगितली. नवऱ्याने मखर काढून रंगाचा एक हात दिला, वाळवून परत चादरीत ठेवलं. आणि चतुर्थीच्या जरा आधी गावाहून फोन आला. भावकीतले एक काका गेले. तेच, ज्यांच्याशी वाजलं होतं. बाबा त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलले नव्हते, मी तर त्यांना कधी बघितलंही नव्हतं. पण भावकी ती भावकी, आणि सुतक ते सुतक. आमच्याकडे अशा वर्षी गणपती आणत नाहीत. बाबांनी कारखान्यात फोन करून मूर्ती दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं आणि दिवाणावर बसले.

चतुर्थीला सकाळपासून बिल्डिंगमध्ये झांजा वाजत होत्या. वरच्या मजल्यावर आरती, खालच्या मजल्यावर आरती, जिन्यात उकडीच्या मोदकांचा वास. सुतकात दुसऱ्याकडे दर्शनालाही जायचं नाही, म्हणून आम्ही दार लोटून घरात. वरण-भात केला. हॉलमध्ये एका बाजूला उंच टाकी, तिच्यात दोन नारिंगी मासे तळाशी कुठेतरी, आणि शेजारी तो कोपरा, पुसलेला, मोकळा. ज्या दीड दिवसासाठी तो राखला होता, त्या दीड दिवसातही मोकळा. मला हसू आलं असतं, पण बाबांच्या तोंडाकडे बघून आलं नाही. राग मात्र आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

जेवणानंतर बाबा अचानक म्हणाले, "तो सर ख्रिस्ती आहे ना? मग त्याच्याकडे गणपती नसेल."

"नसेल," मी म्हणाले.

"मग जायला हरकत नाही. चल, निळ्याला बघून येऊ."

आम्ही दोघंच गेलो. रिक्षा मंडपांमधून वाट काढत, रेल्वे ओलांडून पश्चिमेला आली आणि मग हळूहळू केळी आणि नारळ लागले, रस्ता शांत झाला. सरांनी "या, या, काका" करून ओटीवर घेतलं आणि आत बायकोला त्यांच्या बोलीत चहा टाकायला सांगितलं. ती बोली मला अर्धीच कळते. टाकी ओटीच्या अख्ख्या भिंतीला लावलेली होती, उंचीला बेताची.

निळ्या एका टोकाला होता. तिथून तो निघाला. मी मनात मोजत होते, सवयीने. दोन फटकाऱ्यांनंतर तो वळला नाही. पोहतच राहिला. शेपटी सुद्धा हलवायची थांबवली त्याने मध्येच, नुसता घसरत गेला, दुसऱ्या टोकाला जाऊन सावकाश फिरला. रंग गडद झाला होता. डोक्यावरचे खड्डे भरत आले होते.

बाबा टाकीपुढे वाकले. मला वाटलं माशाला बघताहेत. पण त्यांनी उजव्या हाताची वीत काचेला लावली आणि एका टोकापासून मोजायला लागले. वीत, त्याला लागून दुसरी वीत, पुढे तिसरी. आठ वितींवर टाकी संपली. ते सरळ उभे राहिले.

"आपली भिंत दहा विती आहे," ते म्हणाले. "बसली असती गो ही."

"आणि गणपती कुठे बसवला असता?" मी विचारलं.

"टाकीच्या पुढे मांडला असता पाट," बाबा टाकीकडे बघतच म्हणाले. "दीड दिवसाचा तर प्रश्न."

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं की हे कुणी म्हटलं होतं आणि त्यावर घरात काय झालं होतं. मला त्या ओटीवर, परक्या माणसाच्या घरात, इतका संताप आला की मी पदराच्या टोकाला गाठी मारत बसले. चहा आला. मी तो गरम गरमच प्यायले.

बाबांनी सरांना विचारून शेवाळाचा तुकडा घेतला आणि चिमटीत धरून पाण्यात बुडवला. निळ्या आला. टोचे मारून खाल्लं, आधीसारखं झडप घालून, आणि खाऊन झाल्यावर तिथे रेंगाळला नाही. बाबांची बोटं रिकामी पाण्यात तशीच राहिली थोडा वेळ.

परत येताना रिक्षाला स्टेशनचा पूल लागला तेव्हा ते म्हणाले, "आपण सहा फुटी घेतली, तर देतील का सर त्याला परत?"

"नाही देणार," मी म्हणाले.

सरांना मी विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हते.